दुखत नसताना लावायचा पट्टा

ज्या माणसाची मान दुखत नाही, तो मानेला पट्टा लावून का हिंडतो? आणि मान दुखू लागली की तोच माणूस पट्टा काढून खुंटीला का अडकवतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे मी ठरवले, त्याची ही हकिकत.

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तो आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे, दिवसभर जिना चढत-उतरत असे आणि त्याचे नाव जिभाऊ होते. सटाण्याकडे घरातल्या मोठ्या माणसाला जिभाऊ म्हणतात. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या इमारतीत ते कोणाच्याच घरातले मोठे नव्हते, तरी सगळ्यांचे जिभाऊ झाले. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तपासणीच्या टेबलावर नोकरी केली. येणारा प्रत्येक सुटा भाग भिंगाखाली धरायचा आणि त्यात खोट शोधायची, हे काम मान खाली घालूनच करावे लागते. निवृत्तीच्या सुमारास मानेने बंड केले. ते बंड शमले, परंतु तपासणीची सवय गेली नाही. पूर्वी ते लोखंडात खोट शोधत, पुढे माणसांच्या मानांत शोधू लागले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. निरीक्षण आधी, अनुमान नंतर, हे मुलांना सांगता सांगता माझ्याही अंगवळणी पडले आहे. म्हणून निरीक्षणे ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने देते.

पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्टमध्ये एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या गळ्याभोवती बदामी रंगाचा जाड पट्टा होता. मी "नमस्कार" म्हटल्यावर ते अख्खे वळले. नुसती मान वळली नाही. एखादे कपाट भिंतीपासून हलवावे तसे पायांपासून डोक्यापर्यंत सगळे वळले.

"काय झालं मानेला?" मी विचारले.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांनी मानेतले मणके सांगितले, दुसऱ्यापर्यंत स्नायू. तिसरा मजला आला तेव्हा ते बाहेर पडले, पण एक पाय दारात ठेवून स्नायू ताणला जातो म्हणजे नेमके काय होते ते सांगत राहिले. लिफ्टचे दार त्यांच्या चपलेवर येऊन आपटायचे आणि माघारी जायचे. खालून कोणीतरी ओरडले, "जिभाऊ, पाय काढा." तेव्हा कुठे मी माझ्या मजल्यावर पोहोचले.

पुढच्या आठवड्यात ते जिन्यात भेटले. गळ्यात पट्टा नव्हता. चेहऱ्यावर मात्र कळ दिसत होती, आणि ते मान अगदी सावकाश डावीकडे नेत होते, थांबत होते, परत आणत होते.

"आज बरं वाटतंय वाटतं," मी म्हटले.

"नही ना बाई. आज दुखी ऱ्हायनी."

"मग पट्टा?"

"दुखतेय म्हणून तर काढला."

मी शिक्षिका आहे. विसंगती दिसली की मला चैन पडत नाही. त्यांनी ते ओळखले आणि माझ्या हातातली कांद्यांची पिशवी काढून घेतली. ती त्यांनी छातीशी धरली. "डोकं असंच शे. चार-पाच किलो. असं सरळ धरलं तर जड लागत नाही." मग हात लांब करून पिशवी पुढे धरली. "मान पुढे काढली का असं होतं. आता ही पिशवी मी तासभर अशी धरली तर हात दुखंल का नाही? मानेचं तेच. पण दुखला म्हणून हात गळ्यात बांधून महिनाभर ठेवला तर? हात आळशी होईल. वेलीला कायमचा आधार दिला का तिचं खोड जाड होत नाही. म्हणून दुखलं का हळूहळू हलवायचं, कळ येते त्याच्या अलीकडं थांबायचं. आधी मानेला विचारायचं."

"आधी मानेला विचारा" हे त्यांचे आवडते वाक्य. स्कूटरवर बसणाऱ्याला, गॅसची टाकी उचलणाऱ्याला, भिंतीवर खिळा ठोकणाऱ्याला ते हेच विचारीत: "मानेला विचारलं का?"

म्हणजे प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. दुखत असताना पट्टा काढण्यामागे विचार होता, आणि तो योग्य होता. उरलेल्या अर्ध्या भागाने मात्र मला बरेच दिवस अस्वस्थ ठेवले.

जिभाऊंना एका जागी बसवत नसे आणि दुसऱ्याने बसलेलेही त्यांना बघवत नसे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून वाद रंगला असताना ते उठून म्हणाले, "अर्धा तास झाला. सगळे उठा. हाई मान शे, खुंटी नही." भांडणारे दोघेही उठले. जिभाऊंनी सगळ्यांकडून खांदे वर-खाली करवले, मग हात वर ताणायला लावले. सचिव पाटील यांनी तेवढ्यात वर झालेले हात मोजले आणि ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले. तो ठराव कशाचा होता हे अजूनही नीट कोणाला माहीत नाही.

रिक्षा थांब्यावर मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेल्या माणसाजवळ ते जात आणि काही न बोलता त्याचा मोबाइल धरलेला हात डोळ्यांसमोर उचलून ठेवत. काही जण रागावत. "काका, ओळख ना पाळख," एकाने ऐकवले. जिभाऊ म्हणाले, "ओळख नसू दे. मान तर शे ना."

सलूनवाला संतोष दाढी झाली की सवयीने गिऱ्हाइकाचे डोके दोन्ही हातांत धरून कटकन मान मोडून देई. एकदा त्याने जिभाऊंचे डोके धरले, तसे जिभाऊंनी त्याची दोन्ही मनगटे पकडली.

"मानेला विचारलं का?"

"जिभाऊ, फुकट मोडून देतो. लोक मागून घेतात."

"फुकट मोडायची तर तुनी मोड."

त्यानंतर रविवारी सकाळी जिभाऊ सलूनच्या बाकावर बसून पहारा करू लागले. मानेला झटका देणे किती धोक्याचे आहे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावू लागले. शेवटी संतोषने आरशाच्या वर पाटी लावली: 'येथे मान मोडून मिळणार नाही.' जिभाऊंनी ती वाचली आणि 'नाही' या शब्दाखाली त्याला रेघ मारायला लावली.

या सर्व प्रसंगी, हे मी मुद्दाम नोंदवते, त्यांच्या गळ्यात पट्टा होता. पट्टा लावू नका असे सांगणारा माणूस पट्टा लावून ते सांगत होता.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर देवयानीचे फिजिओथेरपीचे छोटेसे केंद्र आहे. ती माझी जुनी विद्यार्थिनी. एके दिवशी तिनेच मला हाक मारली.

"बाई, जिभाऊंना तुम्ही तरी सांगा. मी पट्टा दिला होता तो प्रवासापुरता, चार दिवस. ते रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावतात. मानेचे स्नायू सैल पडत चाललेत. असंच चाललं तर मान डोकं पेलायचं विसरेल."

"त्यांना हे माहीत नाही का?"

"बाई, त्यांना माहीत नाही असं काय आहे? तेच मला येऊन शिकवतात."

म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. ज्या मानेची त्यांनी एवढी राखण केली, तीच ते जाणूनबुजून दुबळी करत होते. प्रश्न आता केवळ कुतूहलाचा उरला नव्हता.

डिसेंबरात जिभाऊंच्या पुतण्याने सगळ्या इमारतीला पिंपळगाव बसवंतजवळच्या आपल्या द्राक्षबागेत बोलावले. घडांची विरळणी चालू होती. दाट घडातले काही मणी बारीक कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. मांडव डोक्याच्या वर, घड वरून लोंबणारे, त्यामुळे मान मागे टाकून वर पाहतच हे काम करायचे. बायका एका लयीत ते करत होत्या; चार घड झाले की मान खाली, हात कमरेवर, दोन शब्द शेजारणीशी, मग पुन्हा वर. आम्हाला ते फार सोपे वाटले. पाटील यांनी कात्री मागितली, मग सर्वांनीच मागितली. कोणाची ओळ आधी संपते अशी शर्यत लागली.

"बाई, मान दुखंल. सवय नाय तुम्हाला," एक बाई मला हसत म्हणाली.

जिभाऊ ओळीओळीतून फिरत होते. "खाली बघा जरा. मानेला विचारा." पण स्पर्धा करणारी मंडळी कोणाला काही विचारत नसतात. त्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिभाऊ दूध आणायला खाली उतरले आणि त्यांनी सहज वर पाहिले. इमारतीच्या जवळजवळ प्रत्येक गॅलरीत कठड्यावर उशी वाळत घातली होती. आपल्याकडे मान अवघडली की उशी उन्हात टाकतात. उशीला शिक्षा झाली की मान सुटते, असा समज आहे. विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगते, या समजाला काही आधार नाही. आमच्या गॅलरीतही दोन उशा होत्या.

जिभाऊ खालूनच म्हणाले, "उशीचा काय गुन्हा शे?" आणि त्यांनी दुधाची पिशवी तशीच हातात घेऊन पहिल्या मजल्यापासून दारे वाजवायला सुरुवात केली.

मी त्यांना इतके आनंदी कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे आले तेव्हा मी अंथरुणावर डावीकडेच पाहत बसले होते, कारण उजवीकडे पाहता येत नव्हते. त्यांनी आधी प्रश्न विचारले. कुठे पडलात का, आपटलात का? हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर वाटतात का, हातातून कप निसटतो का? ताप आहे का? डोकं असह्य दुखतंय का, चालताना तोल जातोय का?

"यातलं एक जरी असंल तर मी इथून उठतो आणि तुम्ही दवाखान्यात जाता. यातलं काही नही ना? मग ताण शे. काल ताणली, आज बोलतेय."

पहिला दिवस कपड्यात गुंडाळून बर्फ, थोडा थोडा वेळ. मग गरम पाण्याचा शेक. झोपताना एकच उशी, तीही मानेची पोकळी भरेल इतकीच. पालथे झोपायचे नाही. चोळायचे नाही. मान हळूहळू दोन्ही बाजूंना, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत, दिवसातून बऱ्याच वेळा. दिवसभर अंथरुणावर पडून राहायचे नाही. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून. आठवड्यात उतार पडला नाही तर देवयानीकडे.

"आणि समोरच्या वाघकाकू पायाळू आहेत, त्यांच्याकडून लाथ मारून घेऊ का?" आमच्या ह्यांनी विचारले. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले माणूस. त्याने लाथ मारली की लचक जाते म्हणतात.

"घ्या की," जिभाऊ म्हणाले. "पण आधी मानेला विचारा. आणि वाघकाकूंची मान मी आताच पाहून आलो. पाय उचलायच्या स्थितीत नाहीत त्या."

पुढचे काही दिवस ते सकाळ-संध्याकाळ घरोघर फिरले. प्रत्येक दारात चहा झाला, प्रत्येकाने विचारले, "जिभाऊ, आज इथं दुखतंय, हे बरोबर आहे का?" पाटील तर त्यांना जेवायलाच ठेवून घेत. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या सगळ्या दिवसांत जिभाऊंच्या गळ्यात पट्टा नव्हता. त्यांची मान दुखतही नव्हती, मी विचारले तर म्हणाले, "झकास शे." दुखत नसताना पट्टा लावायचा, या त्यांच्या नियमाला पहिल्यांदा अपवाद झाला होता.

मग आमच्या माना सुटल्या. उशा आत गेल्या, दारे लागली, सगळे कामावर जाऊ लागले. सोमवारी जिभाऊ लिफ्टमध्ये भेटले. गळ्यात पट्टा होता.

अनुमान माझ्या मनात तयार झाले होते. पण अनुमान पडताळून पाहिल्याशिवाय मांडू नये, असे मी इतकी वर्षे वर्गात सांगितले आहे. मी औषधांच्या दुकानातून एक पट्टा आणला. मान पूर्ण बरी असताना तो लावला आणि नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची पिशवी घेऊन भाजीला गेले.

मेथी विकणारी बाई इतकी वर्षे मला फक्त भाव सांगत आली होती. तिने जुडी बाजूला ठेवली. "काय झालं वो मावशी? पडला का काय?" तिच्या नणंदेचीही मान धरली होती, ती हकिकत झाली. एका रिक्षावाल्याने रिक्षा हळू करून विचारले. बँकेच्या रखवालदाराने स्वतःची खुर्ची दिली. देवळाच्या पायरीवर एक अनोळखी आजीबाई माझा हात धरून दहा मिनिटे बोलल्या. मी घरी आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

"भाजी आणायला गेली होतीस की सत्काराला?" ह्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच रस्ता, तीच पिशवी. बदल एकच केला. पट्टा घरी ठेवला. मेथीवालीने भाव सांगितला. रिक्षा निघून गेली. रखवालदार आपल्या खुर्चीवर होता. मी अगदी वेळेवर घरी परतले आणि बराच वेळ पिशवी न उतरवता स्वयंपाकघरात उभी राहिले.

जिभाऊंच्या गावात माणूस ओट्यावर नुसता बसला तरी येणारा-जाणारा विचारतो, काय जिभाऊ, काय चालनं शे? आमच्याकडे ओटा नाही. त्यांच्या मुलाने हौसेने इथे घर घेतले आणि मग त्याची बदली चेन्नईला झाली. नातवाला सांभाळायला म्हणून जिभाऊंच्या पत्नी दोन महिन्यांसाठी गेल्या. "दिवाळीनंतर येणार शे," ते सांगत. आम्ही इथे राहायला आल्यापासून ते हेच सांगत होते. मधल्या काळात दिवाळ्या येऊन गेल्या.

उत्तर मिळाले होते, पण ते त्यांना ऐकवणे मला जमणार नव्हते. कोणाचे गुपित बरोबर ओळखले म्हणून ते त्याच्यापुढे मांडावेच, असे विज्ञानातही कुठे लिहिलेले नाही. आणि मान तर दिवसेंदिवस सैल पडत होती.

एका सकाळी ते बाहेर पडण्याच्या सुमारास मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडेच होते. दाराजवळच्या खुंटीवर किल्ल्या होत्या आणि शेजारी पट्टा. त्यांनी पट्टा नुकताच हातात घेतला होता.

"जिभाऊ, मान कशी शे?" मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या पट्ट्याकडे. दुकान उघडण्याआधीच गिऱ्हाईक दारात आले की दुकानदार गोंधळतो, तसे ते गोंधळले.

"बाई, अजून पट्टा लावला नही मी."

"दिसतंय मला. तरी विचारतेय."

मग मान वळवून, फक्त मान वळवून, त्यांनी आतल्या खुर्चीकडे पाहिले.

"बठा," ते म्हणाले. आणि मी बसल्यावर स्वतःही बसले. या माणसाला मी प्रथमच इतके निवांत बसलेले पाहत होते. अर्धा तास झाला, त्याहूनही जास्त झाला, पण त्यांनी मला उठवले नाही. मानेचा विषय निघालाच नाही. नातू आता तमिळ बोलतो, फोनवर त्यातले अर्धे कळत नाही, आणि न कळलेल्या अर्ध्यासाठी बायकोला विचारले तर ती हसते, असे ते सांगत होते. पट्टा त्यांच्या मांडीवर होता. बोलता बोलता त्याची घडी झाली.

आता रोज सकाळी इमारतीतले कोणी ना कोणी त्यांना विचारते. मी कोणाला कारण सांगितलेले नाही. फक्त विचारत जा, एवढेच सांगितले. देवयानी म्हणते, मानेत जोर येतो आहे. पट्टा अजून खुंटीवर आहे आणि एखाद्या दिवशी तो गळ्यातही दिसतो. त्या दिवशी, आम्ही कोणी विचारले नव्हते का, हे मी आठवून पाहते.

हे माझे एकटीचे निरीक्षण आहे आणि ते चुकीचेही असू शकेल. म्हणून वाचकांना विनंती आहे की त्यांनी ते स्वतः पडताळून पाहावे. आपल्या जिन्यात रोज भेटणाऱ्या एखाद्या माणसाला, ज्याच्या गळ्यात काहीही नाही अशाला, थांबून विचारावे, "मान कशी आहे?" आणि उत्तर संपेपर्यंत तिथेच उभे राहावे.